ज्ञान आमच्या शिवारातून गेले, तपासणी कधी येणार?



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, पीकविमा आणि रात्रीची वीज हे विषय सालाबादप्रमाणे आहेतच. या खेपेला त्यांच्या जोडीला आम्ही आणखी एक विषय ठेवला आहे, तो म्हणजे कॅन्सर. पत्रिका हातात पडल्यावर काही कार्यकर्त्यांनी विचारले, "हा दवाखान्याचा विषय. यात संघटनेचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्याच एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरातली गोष्ट आहे. त्याच्या परवानगीने सांगतो, नाव सांगत नाही. त्याच्या घरच्या बाईची पाळी जाऊन चार वर्षे झाली होती आणि पुन्हा अंगावर जायला लागले. तेव्हा कापसाची वेचणी सुरू होती. ती म्हणाली, वेचणी उरकू द्या. वेचणी उरकली, ज्वारीची राखण आली, मग काढणी आली. मधे गावात येणाऱ्या एका डॉक्टरने दोन वेळा इंजेक्शन दिले आणि अशक्तपणा आहे म्हणून सांगितले. कंबर धरली तेव्हा शहरात नेले. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, तिसरी अवस्था. रेडिएशन सुरू झाले. तीन आठवडे झाले आणि मृगाचा पाऊस पडला. घरी पेरणीला माणूस नव्हता. 'पेरणी करून येतो' म्हणून नवरा-बायको दोघे गावी आले. पेरणी झाली, पण परत जाणे झाले नाही. पुढच्या वर्षी त्या शेतात पेरायला ती बाई नव्हती.

यात चूक कोणाची म्हणायची? बाईची की नवऱ्याची? आमच्या मते त्या घराने तेच केले जे कोरडवाहू शेतकऱ्याचे घर नेहमी करते. हंगाम चुकला तर वर्ष जाते, म्हणून त्यांनी हंगाम आधी धरला. चूक शोधायचीच असेल तर ती आपल्या सगळ्यांच्या हिशेबात शोधावी लागेल. बैलजोडीची, बियाण्याची, खताची नोंद आपण ठेवतो. घरच्या बाईच्या अंगाची नोंद कोणाच्याच वहीत नसते.

दुखण्याचा उत्पादन खर्च

उत्पादन खर्च काढायचे आपल्याला शिकवावे लागत नाही. तोच हिशेब या दुखण्याला लावून बघू.

आज महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली योजना २०१७ पासून या नावाने चालते. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन हे सगळे तिच्या यादीत आहे. योजनेतल्या दवाखान्यात गेलात, कागद बरोबर नेलेत, तर बिलाचा मोठा भाग निघतो. हे चांगले आहे आणि ते आपण चांगलेच म्हणू.

पण बिल म्हणजे सगळा खर्च नव्हे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन लागले तर आठवड्यातून ५ दिवस असे सुमारे ५ आठवडे रोज जावे लागते. त्यानंतर आतून द्यायचे रेडिएशन असते. ६ आठवडे धरा. म्हणजे ४२ दिवस. बाई एकटी राहू शकत नाही, बरोबर माणूस लागतो. दोन माणसांचे ८४ दिवस झाले. या ८४ दिवसांची बुडालेली मजुरी, परमुलखातले खाणे-राहणे, घरी सोडलेली पोरे, दुभत्या जनावराचे हाल आणि हुकलेली पेरणी यांचा एक रुपयाही कोणत्या योजनेच्या यादीत नाही. घर मोडते ते या यादीबाहेरच्या खर्चाने. आमच्या कार्यकर्त्याच्या घरीही उपचार फुकट होता. तुटले ते घरच्या कामाच्या ओढीने.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. हाच रोग वेळेच्या आधी पकडला तर काय लागते? एक तपासणी. त्यात खराबी दिसली तर एका दिवसात, बहुतेक वेळा दवाखान्यात न राहता, ती जागा गोठवून किंवा भाजून काढतात. बाई संध्याकाळी घरी येते. ८४ दिवस कुठे आणि एक दिवस कुठे?

खर्ड्याच्या पलीकडचे काम

हे आम्ही कुठल्या परदेशी पुस्तकातून सांगत नाही. जामखेड तालुक्यात खर्ड्याच्या पलीकडे भूम आणि परांडा हे तालुके लागतात आणि त्यापुढे बार्शी. आपल्यासारखाच ज्वारीचा मुलूख, आपल्यासारखाच पावसाचा लहरीपणा. तिथे बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या मदतीने १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात केली. भारतातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. तोपर्यंत सगळ्यांचा समज असा होता, की कॅन्सर हा शहरातला, श्रीमंतांचा रोग. नोंद झाली तेव्हा दिसले की आपल्या बायकांत गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आहे, आणि बाई दवाखान्यात येते ती हाताबाहेर गेल्यावरच.

खेड्यात ना प्रयोगशाळा, ना कागदपत्रे. मग नोंद कशी ठेवायची? बार्शीच्या लोकांनी त्यावर साधा मार्ग काढला. त्यांचे कार्यकर्ते पुन्हा पुन्हा गावात जात, लोकांना भेटत, लक्षणे समजावून सांगत आणि संशय वाटणाऱ्या माणसाला तपासायला बार्शीला आणत. नोंद करण्यासाठी गेलेल्या माणसांनी माहितीही दिली. त्याचा परिणाम असा झाला, की काही वर्षांतच पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत येणाऱ्या बायकांचे प्रमाण वाढले. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. बाई लवकर आली, एवढाच काय तो फरक.

१ लाख ३१ हजार बायका

पुढची गोष्ट याहून मोठी आहे, आणि ती आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर धडधाकट बायकांना घेऊन एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली कॅन्सर संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी तो केला. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार भाग केले. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही या विषाणूची तपासणी केली. दुसऱ्या भागात गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन तपासल्या. तिसऱ्या भागात पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे पाणी लावून डोळ्यांनी बघितले. चौथ्या भागाला फक्त माहिती दिली, तपासणी दिली नाही.

८ वर्षांनी हिशेब झाला. तो २००९ साली अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४ हजारांवर बायका होत्या, त्यांतल्या ३४ या कॅन्सरने गेल्या. तपासणी न मिळालेल्या भागात ३१ हजारांवर बायका होत्या, त्यांतल्या ६४ गेल्या. पुढच्या अवस्थेतला कॅन्सर पहिल्या भागात ३९ जणींना आणि दुसऱ्या भागात ८२ जणींना. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मरण निम्म्यावर आणले. जगभर या आकड्यांची दखल घेतली गेली. आज जागतिक आरोग्य संघटना वयाच्या ३० वर्षांपासून बायकांची हीच तपासणी आधी करा म्हणून सांगते. तसे सांगायला जो पुरावा लागला, त्यातला मोठा वाटा आपल्या शेजारच्या बायकांनी दिला.

चौथ्या भागातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावर पुढे देशात आणि परदेशात मोठा वाद झाला. संशोधकांचे म्हणणे होते, की त्या काळी खेड्यात तसाही तपासणीचा रिवाज नव्हता, आणि तुलना केल्याशिवाय खात्री कशी होणार? टीका करणारे म्हणत, की तपासणीचा उपयोग होतो हे जगाला आधीच माहीत होते. आम्ही दोन्ही बाजू वाचल्या. निवाडा करणे आमचे काम नाही. पण एक गोष्ट आम्ही ठामपणे म्हणतो. त्या ६४ जणींच्या मरणातून जे ज्ञान निघाले, त्यावर पहिला हक्क त्यांच्या लेकी-सुनांचा आणि त्यांच्यासारख्या कोरडवाहू मुलखातल्या बायकांचा आहे.

मुलींच्या बाबतीतही तसेच घडले. २००९ साली एचपीव्हीच्या लसीचा अभ्यास देशात अनेक ठिकाणी सुरू झाला, त्यात बार्शीही होती. मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे ठरले होते. दुसऱ्या एका लसीकरण प्रकल्पावरून आंध्र आणि गुजरातेत वादळ उठले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळीकडचे लस देणे थांबवले. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींची वाट सोडली नाही. १० वर्षे त्यांना तपासत राहिले. २०२१ साली निष्कर्ष आला, की एका डोसानेही जवळपास तेवढेच संरक्षण मिळते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाला मान्यता दिली. लस स्वस्तात अनेक देशांपर्यंत पोचण्याची वाट त्यातून मोकळी झाली.

आपला कापूस इथून जातो आणि कापड होऊन दुसऱ्याच्या अंगावर दिसतो. हे आपल्याला नवीन नाही. ज्ञानाचेही तसेच होऊ द्यायचे का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

कागदावर आहे, गावात नाही

सरकारच्या कागदावर तपासणी आहे. २०१६ साली केंद्राने ठरवले, की ३० ते ६५ वयाच्या बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाची दर ५ वर्षांनी व्हिनेगरने तपासणी करायची. तोंड आणि स्तन यांचीही तपासणी त्यातच आहे. आणि प्रत्यक्षात? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले, की तुमची ही तपासणी कधी झाली आहे का? साऱ्या देशात शंभरात दोघींनीसुद्धा हो म्हटले नाही.

व्हिनेगरच्या तपासणीबद्दल एक बारकावा ध्यानात ठेवा, म्हणजे कोणी आपल्याला एका शिबिरावर गुंडाळणार नाही. उस्मानाबादेत ती एकदाच केली, तेव्हा मरण कमी झाल्याचे ठामपणे दिसले नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी तीच तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणी करणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, महिनाभर तयार केलेल्या साध्या बाया होत्या. म्हणून आमचे म्हणणे असे, की एचपीव्हीची तपासणी तालुक्याला मिळाली पाहिजे. ती मिळेपर्यंत व्हिनेगरची तपासणी हवी, पण ती ठरलेल्या तारखेला आणि पुन्हा पुन्हा. फोटो काढून गेलेले एक शिबिर आम्ही मोजणार नाही.

बाया लाजतात, येत नाहीत, हे कारण नेहमी पुढे केले जाते. एचपीव्हीच्या तपासणीत बाईला स्वतःच, आडोशाला जाऊन, कापसाच्या काडीने नमुना घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेला ही पद्धत मान्य आहे. आणि बाया येतात की नाही याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच बायांना, ज्यांतल्या कित्येकींना सहीसुद्धा येत नव्हती, त्यांनी आरोग्याचे काम शिकवले. त्या बायांनी बाळंतपणे सांभाळली, पोरांचे मरण रोखले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला आले. गावची बाई सांगते तेव्हा गावच्या बाया ऐकतात. ही शिकवण आपल्या घरची आहे.

भीतीचा धंदा

इथे एक इशारा. बाईला माहिती न देता नुसती भीती घातली की काय होते, ते शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याची बातमी २०१९ साली फुटली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावर पांढरे जाते, पोट दुखते म्हणून बाई गेली, की 'पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल' असे सांगून तिला टेबलावर घेतले, अशा तक्रारी होत्या. आपल्या पाथर्डी-जामखेडकडूनही टोळ्या जातात, त्यामुळे हे दुखणे आपल्यालाही माहीत आहे.

म्हणून नीट समजून घ्या. पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. एचपीव्ही विषाणू शरीरात आला म्हणजेही कॅन्सर नव्हे. बहुतेक बायकांच्या अंगातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींत तो ठाण मांडतो आणि पुढे १०-१५ वर्षांत हळूहळू कॅन्सर होतो. या १०-१५ वर्षांतच त्याला पकडायचे आहे. तपासणीचा कागद हातात असला, की पिशवी काढायची गरज आहे की नाही हे बाई डॉक्टरला विचारू शकते. आणखी एक, हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो आणि पुष्कळदा नवऱ्याकडूनच येतो. तेव्हा रोग निघाला म्हणून बाईच्या चारित्र्यावर बोट दाखवणारा माणूस आपल्या बैठकीत नको.

थांबू नये अशी लक्षणे सांगतो. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे जाणे, संबंधानंतर जाणे, घाण वासाचे पाणी सतत जाणे. स्तनात न दुखणारी गाठ, हेही त्यातच धरा. यातले काही दिसले तर वेचणी आणि काढणी दुसऱ्याच्या हाती द्या आणि बाईला घेऊन त्याच आठवड्यात निघा.

पुरुषांनी आपले तोंड उघडून बघावे

बायकांबद्दल एवढे लिहिले, आता भावांकडे वळू. पुरुषांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मोठे कारण आपल्या खिशात असते. राज्यात गुटख्याला २०१२ सालापासून बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे आपल्या गावात शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तंबाखू-चुन्याला तर कोणाचीच बंदी नाही. बाया तव्यावर भाजलेली मिश्री लावतात, तीही तंबाखूच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, तिखट अजिबात सहन न होणे, यांपैकी काही असेल तर दाखवायला जा. आपल्या बैठकांत भाषणे चालू असताना चंची हातोहात फिरते. ज्या बैठकीत कॅन्सरचा ठराव करायचा, तिथे ती फिरू नये एवढे तरी आपण करू.

उपचार अर्धा सोडायचा नाही

ज्या घरात रोग निघालाच, तिथे संघटनेने काय करायचे? आमच्या मते पहिले काम एकच. उपचार पुरा होईल हे बघायचे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनचा सगळा उपचार ८ आठवड्यांच्या आत संपावा, असे डॉक्टर सांगतात. मधे खंड पडला तर रोग पुन्हा उचल खातो. तिसऱ्या अवस्थेतल्याही कित्येक बाया पुऱ्या उपचाराने बऱ्या होतात. तेव्हा 'तिसरी अवस्था, आता काय उपयोग' असे म्हणून कोणी घरी आणू नये.

यासाठी आपल्याकडे जुनी पद्धत आहे, ती म्हणजे इर्जिक. एखाद्याचे शेत अडले की गावातल्या आऊतवाल्यांनी मिळून एका दिवसात नांगरून द्यायचे. बायांमध्ये सावडीने खुरपण होतेच. आता बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली असेल, पण पद्धत मोडायचे कारण नाही. ज्या घरचा माणूस कॅन्सरच्या उपचाराला गेला आहे, त्या घरची पेरणी, खुरपणी, वेचणी आणि काढणी गावाने इर्जिक घालून करायची. आमच्या कार्यकर्त्याच्या घरी मृगाच्या पावसानंतर दोन दिवस कोणी तिफण धरली असती, तर त्याला गावी यावे लागले नसते. आम्ही त्याच्या गावचेच होतो. आम्हाला माहीत नव्हते, हे आमचे समर्थन नाही. आम्ही विचारले नव्हते.

दुसरे काम कागदांचे. रेशन कार्ड, आधार, तपासणीचे कागद एका पिशवीत लावून द्यायचे. योजनेत कोणता दवाखाना आहे हे निघण्यापूर्वी विचारायचे. दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून योजनेचा माणूस बसतो, त्याला गाठायचे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला दवाखान्याच्या दाखल्यावर मोठी सवलत असते. कर्जत-जामखेडच्या माणसाला मुंबईपेक्षा बार्शी जवळ आहे, हेही ध्यानात ठेवावे. मुंबईला जावेच लागले, तर परळच्या टाटा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात राहण्याची सोय विचारावी. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते. टाटाच्या भोवतालच्या फुटपाथवर झोपलेली आपल्या मुलखातली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यातले काही जण केवळ माहिती नसल्याने तिथे झोपलेले होते.

घरी परतल्यावर

उपचार संपवून बाई घरी आली, की गावाला वाटते, सुटली एकदाची. तिचे दुसरे दुखणे मग सुरू होते. थकवा कित्येक महिने जात नाही. जुलाब, लघवीची आग, पाळी अचानक बंद होणे, हे रेडिएशनचे परिणाम आहेत. ती आली त्या आठवड्यात तिला हंड्यासाठी आणि खुरप्यासाठी उठवू नका. तिचे ताट-तांब्या वेगळा ठेवू नका. तिच्या ताटात जेवून किंवा तिच्या अंथरुणावर बसून हा रोग होत नाही. नवऱ्याने घाई करू नये, डॉक्टरला विचारून वागावे. पहिली दोन वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी फेरतपासणी असते. ती तारीख पेरणीच्या तारखेसारखी भिंतीवर लिहून ठेवा.

काही जणी बऱ्या होणार नाहीत. त्यांच्यासाठीही काम आहे. शेवटच्या दुखण्यात माणसाला ओरडत ठेवणे हे नशीब नव्हे. मॉर्फिनच्या गोळ्यांनी वेदना आटोक्यात येते. त्या खेड्यापर्यंत मिळाव्यात म्हणून २०१४ साली कायदा सैल केला आहे. तालुक्याला त्या मिळतात का, हे विचारणे आपले काम.

बैठकीपुढचे ठराव

भावांनो, मायबहिणींनो, आम्ही कोणाकडे दान मागायला निघालेलो नाही. ज्यांच्या अंगावर ज्ञान तयार झाले, त्यांचे देणे मागत आहोत. त्यासाठी बैठकीपुढे पाच ठराव ठेवतो.

एक, प्रत्येक गावशाखेने आशाताईंच्या मदतीने ३० वर्षांवरच्या सगळ्या बायांची यादी करावी. तपासणी झाली की नाही, ते त्यापुढे लिहावे. यादी पुढच्या बैठकीला आणावी.

दोन, एचपीव्हीची तपासणी प्रत्येक तालुक्याला सुरू करावी आणि तोपर्यंत व्हिनेगरची तपासणी उपकेंद्रावर ठरलेल्या तारखेला व्हावी, अशी मागणी जिल्हा परिषदेकडे लेखी करावी. तपासणीत खराबी निघालेल्या बाईला त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात उपचार कुठे मिळणार, हे त्या पत्रात विचारावे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीचाही प्रश्न त्यातच मांडावा. तारीख मागावी, आश्वासन नको.

तीन, तपासणीसाठी ज्वारीची मळणी उरकल्यानंतरचे चैत्र-वैशाखाचे दिवस गावाने राखून ठेवावेत. त्या दिवशी घरची भाकरी पुरुषांनी थापावी. जमत नसेल तर शेजारून आणावी.

चार, रोग निघालेल्या प्रत्येक घराला एक जोडीदार नेमावा. कागद, प्रवास आणि फेरतपासणीची तारीख ही त्याची जबाबदारी. त्या घरच्या शेतीचे काम इर्जिक घालून गावाने करावे.

पाच, संघटनेच्या बैठकीत तंबाखू बंद.

मागणीचे पत्र आम्ही तयार करून आणत आहोत. गावशाखांनी आपापले शिक्के घेऊन यावेत. आणि एक विनंती. या बैठकीला एकटे येऊ नका, घरच्या बाईला बरोबर आणा. यादीत पहिले नाव तिचे लिहू.